समोर कुणीतरी बसलेलं आहे

गेल्या दोन-चार वर्षांत काय आवडलं, या प्रश्नाचं उत्तर हल्ली चार रकान्यांत दिलं जातं. पुस्तकं एका बाजूला, पॉडकास्ट दुसऱ्या बाजूला, मग मालिका आणि शेवटी सिनेमे. रकाने पडले की त्यांच्यात भांडण लागायला वेळ लागत नाही. पडद्यानं वाचन संपवलं, पॉडकास्ट म्हणजे नुसत्या गप्पा, मालिका झोप खातात, आणि मराठी सिनेमा चांगला निघाला तरी त्याला खेळ मिळत नाहीत, अशी चार गाऱ्हाणी या रकान्यांखाली कायमची लिहून ठेवलेली असतात. त्यांत थोडंथोडं तथ्य आहे आणि पुढे त्याचा विचार करायचाच आहे. पण मुळात रकानेच चुकीच्या जागी पाडले आहेत, असं माझं म्हणणं आहे. अलीकडची मनात राहिलेली मराठी कामं एका टेबलावर मांडून पाहिली, तर माध्यमावरून त्यांची विभागणी होत नाही. ती होते एका वेगळ्याच खुणेवरून: आपण हे कुणाला सांगतो आहोत, ते सांगणाऱ्याला ठाऊक आहे का? ज्या कामासमोर कुणीतरी बसलेलं आहे, ते धरून ठेवतं. ज्यासमोर नुसता मोजायचा प्रेक्षक आहे, ते कितीही देखणं असलं तरी आठवड्याभरात विरून जातं. हे तपासून पाहायला नाशिक रोडसारखी जागा नाही. इथलं कारागृह, इथले सरकारी छापखाने आणि इथलं रेल्वे स्टेशन काही किलोमीटरच्या आत उभे आहेत, आणि पुस्तक, मालिका आणि कानावरची गोष्ट या तिघांचे धागे त्यांच्यातून निघतात.

सुरुवात कारागृहापासून करायला हवी. १९३३ च्या फेब्रुवारीत, ९ तारखेच्या गुरुवारपासून १३ तारखेच्या सोमवारपर्यंत, साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. पाच दिवसांत लिहून झालेलं हे पुस्तक नव्वद वर्षं वाचलं जातं आहे, याचं श्रेय आपण मातृप्रेमाला देऊन मोकळे होतो. मला त्याची रचना अधिक महत्त्वाची वाटते. या पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो, मित्र ऐकतात, मध्येच विचारतात, दुसऱ्या रात्रीची वाट पाहतात. म्हणजे छापील पानावर आलेली ही बोललेली मालिकाच आहे. आणि गुरुजींना ही रीत कुठून सुचली असेल, याचा अंदाज बांधायला फार लांब जावं लागत नाही. त्याच्या आदल्या वर्षी ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात विनोबा दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर बोलत, आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. अठरा रविवार, अठरा अध्याय; त्यातून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक उभं राहिलं. आठवड्याला एक भाग, ठरलेला वक्ता, ठरलेले श्रोते आणि एक तल्लख कान. आज आपण ज्याला पॉडकास्ट म्हणतो, त्याचे सगळे घटक त्या बराकीत हजर होते, फक्त यंत्र नव्हतं. चार महिने दुसऱ्याचं सांगणं कानात साठवणाऱ्या माणसाला मग नाशिकच्या कोठडीत स्वतःचं सांगणं सापडलं, आणि समोर श्रोते नव्हते म्हणून त्यानं ते पुस्तकातच बसवून घेतले.

हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही, कारण मराठीतली मोठी पुस्तकं अनेकदा अशीच झाली आहेत. ज्ञानेश्वरी नेवाशात सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. ग्रंथभर ज्ञानदेव समोरच्या श्रोत्यांशी आणि गुरूंशी बोलत राहतात. नाशिक रोडच्या मुक्तिधाम मंदिराच्या भिंतींवर गीतेचे अठरा अध्याय कोरलेले आहेत. ती गीताही आपल्यापर्यंत येते ती संजयानं धृतराष्ट्राला सांगितलेली हकीकत म्हणून. तेव्हा ‘आता लोक वाचत नाहीत, ऐकतात’ हे वाक्य तक्रारीच्या सुरात म्हणण्यासारखं नाही. आपल्या वाङ्मयाचा जन्मच ऐकण्यात आहे. कीर्तन, पोथी, पोवाडा, शाहिरी जलसा, आकाशवाणीवरच्या श्रुतिका, सगळ्यांनी एकच गोष्ट शिकवली: समोरचा माणूस उठून जाऊ शकतो, हे ध्यानात ठेवून बोला.

‘श्यामची आई’चं पुढे काय झालं, ते या कसोटीवर घासून पाहण्यासारखं आहे. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये त्यावर चित्रपट केला. वनमाला आई झाल्या, माधव वझे श्याम झाले, आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक या मराठी चित्रपटाला मिळालं. त्यानंतर सत्तर वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, सुजय डहाके यांचा ‘श्यामची आई’ आला. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ या कादंबरीवर चित्रपट करणाऱ्या दिग्दर्शकानं पुन्हा एका पुस्तकाला हात घातला आणि तो कृष्णधवल केला. ओम भूतकर यांनी यात साने गुरुजी उभे केले आहेत. ७१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. अत्र्यांचा चित्रपट थोर असताना दुसरा कशाला, असा आक्षेप घेतला गेला. त्याचं उत्तर सांगण्याच्या पद्धतीत आहे. अत्र्यांच्या समोर स्वातंत्र्य नुकतंच मिळालेला, ते पुस्तक नुकतंच वाचलेला प्रेक्षक होता. त्याला आई दाखवली की पुरत होतं. आजच्या मुलासमोर ती आई थेट आणून उभी केली तर ती जुन्या छायाचित्रासारखी दूरची वाटेल. म्हणून आईबरोबर तिची गोष्ट सांगणारा मुलगाही पडद्यावर आणावा लागतो. कृष्णधवल रंगाचं कारणही मला हेच वाटतं. ही गोष्ट कुणाच्या तरी आठवणीतून येते आहे, हे प्रत्येक चौकट बजावत राहते. गुरुजींचं निधन १९५० चं, त्यामुळे २०११ च्या जानेवारीपासून या पुस्तकावर कुणाची मालकी नाही. आता ते कुणालाही वाचून, ध्वनिमुद्रित करून, पुन्हा सांगून पाहता येतं, आणि माणसं तसं करतही आहेत.

कारागृहातून स्टेशनाकडे येऊ. १९७५ पासून धावणारी पंचवटी एक्सप्रेस नाशिक रोडच्या पासधारकांना सकाळी मुंबईला नेते आणि रात्री परत आणून सोडते. एका बाजूचा प्रवास तीन तासांच्या वरचा. ‘आता कुणाला वेळ आहे?’ हा प्रश्न या गाडीत गैरलागू ठरतो. वेळ आहे, आणि तो रोज सहा-सात तासांचा आहे. प्रश्न एवढाच की उभं राहून, खांद्याला खांदा लावून, हलत्या डब्यात काय करता येतं? पुस्तकाला दोन हात आणि उजेड लागतो. कानाला काहीच लागत नाही. गेल्या काही वर्षांत मराठी पॉडकास्ट पसरले त्याचं मूळ अशा वेळांत आहे. स्टोरीटेल नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतात आलं आणि मराठी श्राव्य पुस्तकांना घर मिळालं. ‘अमुक तमुक’, ‘व्हायफळ’, ‘मित्रम्हणे’, ‘थिंक बँक’ यांनी तासा-दीड तासाच्या मराठी संवादाची सवय लावली. बीबीसी मराठीच्या ‘गोष्ट दुनियेची’नं दूरच्या देशातली घडामोड घरच्या भाषेत समजावून दिली. या ऐकण्याचं सर्वांत खोल चित्र मात्र एका सिनेमात सापडतं. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’मध्ये शास्त्रीय गायन शिकणारा शरद रात्री रिकाम्या रस्त्यांवरून मोटारसायकल चालवत जातो आणि कानात माई या गायिकेची जुनी ध्वनिमुद्रित व्याख्यानं वाजत असतात. तो आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. माई पडद्यावर एकदाही समोर येत नाहीत, तरी शरदच्या आयुष्यातलं सर्वांत कडक माणूस त्याच आहेत. आवाज एखाद्याला घडवू शकतो आणि आयुष्यभर टोचतही राहू शकतो, हे इतक्या नेमकेपणानं क्वचितच दाखवलं गेलं आहे.

पॉडकास्टवरचा मोठा आक्षेप असा की त्या नुसत्या गप्पा असतात, त्याच त्या पाहुण्यांची फेरी असते आणि संपादकाची कात्री कुठे दिसत नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. एकाच अभिनेत्याची तीच हकीकत चार ठिकाणी ऐकू येते, तेव्हा सांगणारा श्रोत्याशी बोलत नसतो, तो नव्या चित्रपटाची जाहिरात करत असतो. पण इथेही कसोटी तीच लागू पडते. ‘अमुक तमुक’मध्ये डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ येतात आणि विचारणारे घरातले प्रश्न घरातल्या शब्दांत विचारतात, तेव्हा लांबी खटकत नाही, कारण समोर एक काळजीत असलेला माणूस गृहीत धरलेला असतो. खरी उणीव वेगळी आहे. मुलाखत हा पॉडकास्टचा सर्वांत स्वस्त प्रकार. दोन खुर्च्या आणि दोन माइक असले की झाला. महिनोन्‌महिने फिरून, कागद तपासून, अनेकांचे आवाज जोडून एकच गोष्ट सांगणारी श्राव्य वार्ता-मालिका मराठीत फारशी रुजलेली नाही. ‘लोकसत्ता’च्या ‘गोष्ट मुंबईची’मध्ये भरत गोठोसकर रस्त्यावर उभे राहून शहराचा इतिहास उलगडतात, ते या दिशेचं एक चांगलं पाऊल आहे. नाशिकपासून नांदेडपर्यंत प्रत्येक शहराला असा सांगणारा मिळायला हवा. विनोबांनी अठरा रविवारांसाठी जी तयारी केली असेल, तिचा एक अंश तरी माइकसमोर बसण्याआधी व्हावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

आता छापखाने. भारताची टपाल तिकिटं लंडनच्या टॉमस दे ला रू या कंपनीकडून छापून येत. ती नाशिक रोडला छापली जाऊ लागली ती १९२५ मध्ये इथे प्रतिभूती मुद्रणालय आलं म्हणून. १९२८ मध्ये शेजारी नोटांचा छापखाना सुरू झाला. या प्रेसचं नाव अलीकडे देशभर पोचलं ते ‘स्कॅम २००३’ या २०२३ च्या मालिकेमुळे. इथली बाद झालेली यंत्रं मिळवून अब्दुल करीम तेलगीनं बनावट मुद्रांकांचा धंदा उभारला, ती हकीकत पत्रकार संजय सिंह यांच्या हिंदी पुस्तकावरून तुषार हिरानंदानी यांनी मालिकेत आणली. गगनदेव रियार यांनी तेलगी अंगात मुरवून घेतला आहे. मालिका बांधीव आहे, आणि भ्रष्टाचार हा एका माणसाच्या हुशारीवर चालत नाही, टेबलाटेबलावरच्या होकारावर चालतो, हे ती नीट पटवते. तरीही ती पाहून झाल्यावर नाशिक रोडबद्दल हाती फार थोडं उरतं. कॅमेरा तेलगीच्या मागून चालतो. प्रेस त्याच्या वाटेवरचं एक दार आहे. त्या दारातून पिढ्यान्‌पिढ्या कामावर गेलेली, झडती देऊन बाहेर पडलेली, २०१६ च्या नोटाबंदीनंतर सुट्ट्या बाजूला ठेवून ५०० च्या नोटा छापणारी माणसं तिथे पार्श्वभूमीला राहतात. मालिकेची ती चूक म्हणता येणार नाही, कारण ती आपल्यासाठी बोलतच नव्हती. ती देशभरच्या, घोटाळ्याची उत्सुकता असलेल्या प्रेक्षकाशी बोलत होती. तेलगीची गोष्ट सांगून झाली. प्रेसची गोष्ट अजून व्हायची आहे.

गुन्ह्याच्या मालिका इतक्या का आवडतात, याचंही उत्तर इथे शोधता येतं. ‘मानवत मर्डर्स’ (२०२४) ही परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या सत्तरच्या दशकातल्या हत्याकांडावरची मालिका आशिष बेंडे यांनी दिग्दर्शित केली, आणि तिच्या मुळाशी तपास करणारे पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांचं पुस्तक आहे. सुहास शिरवळकरांच्या ‘समांतर’ या कादंबरीवर २०२० मध्ये मालिका आली तेव्हा शिरवळकरांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि कादंबरी नव्या वाचकांच्या हातात गेली ती पडद्यामार्गे. दोन्ही ठिकाणी पुस्तकानं मालिकेला कणा दिला. पडद्यानं काय वेगळं दिलं? ‘मानवत मर्डर्स’मध्ये धूळ, उकाडा, वाड्यातली दडपण आणणारी शांतता आणि मराठवाडी बोली आली, अधिकाऱ्याच्या लिखाणाला एवढं वातावरण पेलवणारं नव्हतं. आणि पुस्तकाकडे जे होतं ते पडद्यावर पूर्ण आलं नाही: एका पुराव्यावरून दुसऱ्याकडे जाताना तपास करणाऱ्याच्या डोक्यात काय चाललं होतं, कुठे शंका आली, कुठे वाट चुकली. म्हणून मालिका पाहून पुस्तकाकडे जाणारा माणूस तीच गोष्ट दुसऱ्यांदा घेत नसतो. त्याला तिची दुसरी बाजू मिळते.

सिनेमाचा विचार नाशिकमध्ये फाळक्यांना वगळून होऊ शकत नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या आणि नाशिकला देह ठेवलेल्या दादासाहेबांनी १९१३ मध्ये हरिश्चंद्राची गोष्ट निवडली, कारण ती प्रत्येक प्रेक्षकाच्या कानात आधीपासून होती. चित्रपट मुका होता, प्रेक्षक मुके नव्हते. तोच हिशेब २०२१ च्या ‘गोदावरी’मध्ये वेगळ्या रीतीनं मांडलेला दिसतो. निखिल महाजन आणि नाशिकचे नाटककार प्राजक्त देशमुख यांनी लिहिलेल्या या चित्रपटात जितेंद्र जोशी यांचा निशिकांत नदीकाठच्या भाडेकरूंकडून भाडं गोळा करत फिरतो आणि नदीवर, घरावर, स्वतःवर चिडलेला असतो. इफ्फी चित्रपट महोत्सवात जोशी यांना अभिनयाचा, आणि पुढे महाजन यांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रामकुंडावर येणाऱ्या पाहुण्याला गोदावरी पवित्र दिसते. तिच्या काठी राहणाऱ्याला ती कधी पवित्र, कधी घाण, कधी शेजारच्या म्हातारीसारखी नकोशी आणि हवीशी वाटते. चित्रपट त्या राहणाऱ्याशी बोलतो. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला ‘बाईपण भारी देवा’ (२०२३) आहे. त्यातले भावनांचे रंग भडक आहेत, पण मंगळागौरीच्या निमित्तानं एकत्र येणाऱ्या सहा बहिणी कुणासाठी आहेत, याबद्दल केदार शिंदे यांना जराही संदेह नव्हता. बायका घोळक्यानं, साड्या नेसून चित्रपटगृहात गेल्या, आणि मराठी चित्रपटाला क्वचित लाभणारं यश त्याला मिळालं. ‘आता थांबायचं नाय’ (२०२५) मुंबई महापालिकेच्या चतुर्थश्रेणी कामगारांच्या रात्रशाळेची खऱ्या घटनेवर बेतलेली गोष्ट सांगतो, आणि त्या कामगारांना दयेनं पाहत नाही, हे त्याचं मोठेपण.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं स्थानिकाचं कौतुक झालं. आपल्या गावापुरतं बोलणारं काम बाहेर कोण पाहणार? पुरावा उलट दिशेनं बोलतो. रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ वडिलांच्या दहाव्या-तेराव्यासाठी गावी आलेल्या तरुणाची आणि त्याला पुन्हा भेटलेल्या बालमित्राच्या प्रेमाची गोष्ट आहे. गाव संगमनेरकडचं, भाषा तिथली, सुतकाचे नियम तिथले. या चित्रपटाला २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांचं सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळालं. अमेरिकेतल्या परीक्षकांना सुतक समजावून सांगण्याचा कुठलाही प्रयत्न त्यात नाही. दु:खाच्या दहा दिवसांत घरात कोण कुठे झोपतं, कोण काय खातं, हे इतक्या नेमकेपणानं दाखवलं आहे की परक्यालाही ते घर ओळखीचं वाटतं. सगळ्यांना कळावं म्हणून बोललं की कुणालाच लागत नाही. एकाला लागेल असं बोललं की इतरही थांबून ऐकतात. मात्र आक्षेपाचा अर्धा भाग खरा आहे आणि तो मान्य करायला हवा. पारितोषिक मिळवणारा चित्रपट आपल्या तालुक्यातल्या चित्रपटगृहात पोचेलच असं नाही. परेश मोकाशी यांनी लिहिलेला, आशिष बेंडे यांचा ‘आत्मपॅम्फ्लेट’ बर्लिनला गेला, बेंडे यांना पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तरी तो ज्या शाळकरी मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा आहे, त्यांतल्या किती जणांनी तो मोठ्या पडद्यावर पाहिला? समोर बसलेल्यासाठी सांगितलेली गोष्ट त्याच्यापर्यंत पोचत नसेल, तर दोष सांगणाऱ्याकडे जात नाही; तो वाटेचा आहे.

पुस्तकांकडे शेवटी येतो आहे, ते त्यांची जागा शेवटची म्हणून नव्हे. कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणानं उठवलेल्या गावातला माणूस मागे राहिलेल्या, आता रानटी झालेल्या म्हशीला परत आणायला जातो, एवढंच त्यात घडतं, आणि विस्थापनावरचे कित्येक अहवाल जे सांगू शकले नाहीत ते तिथे लख्ख कळतं. देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’ला २०२४ चा युवा पुरस्कार मिळाला, तयार कपड्यांच्या लाटेत बुडणाऱ्या शिंप्याची ही कादंबरी स्वतः शिवणकाम केलेल्या लेखकानं लिहिली आहे. प्राजक्त देशमुख यांच्या ‘देवबाभळी’ या नाटकाच्या संहितेला २०२० चा युवा पुरस्कार मिळाला, आणि त्यात तर आवली आणि रखुमाई समोरासमोर बसून बोलतातच. पण नाशिक रोडच्या वाचकानं या यादीच्या आधी एक जुनं नाव ठेवावं. बाबुराव बागूल शेजारच्या विहितगावचे. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा त्यांचा कथासंग्रह १९६३ चा. २०१८ मध्ये जेरी पिंटो यांनी त्याचं इंग्रजी केलं आणि तो नव्यानं वाचला जाऊ लागला. साठ वर्षांपूर्वीचं पुस्तक अलीकडच्या आवडीत मोजायचं का? मोजायचं. आवडीचा काळ आपल्या वाचण्यावरून ठरतो, प्रकाशनाच्या सालावरून नाही.

बागुलांचं नाव घेतलं की माझ्या कसोटीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप समोर येतो. समोर कोण बसलं आहे हे ओळखून बोलायचं म्हटलं, तर त्याला आवडेल तेवढंच बोलण्याचा मोह होतो. आजच्या बाजाराला श्रोता माहीत आहेच की. कुणाला कोणत्या क्षणी कंटाळा येतो याची नोंद प्रत्येक ॲपकडे आहे, आणि द्वेष विकणाऱ्यालाही आपला श्रोता पक्का ओळखू येतो. मग ओळखणं हा गुण कसा? फरक असा की सवय ओळखणं आणि माणूस ओळखणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नोंद सांगते की कालचं पाहिलंत तर आजही तेच पाहाल. माणूस ओळखणारा कधीकधी त्याला नको असलेलंही ऐकवतो, कारण त्याचा त्याच्यावर हक्क असतो. श्यामची आई पाण्याला घाबरणाऱ्या पोराला फटके देऊन पोहायला पाठवते. बागुलांच्या कथा वाचकाला गोंजारत नाहीत. जात लपवून राहणाऱ्याचा जीव कसा टांगणीला लागतो हे त्या समोर बसवून ऐकायला लावतात, आणि वाचक सवर्ण असो की दलित, त्याला उठू देत नाहीत. खुशामत करणाऱ्याला श्रोता हवा असतो तो मोजण्यापुरता. सांगणाऱ्याला तो बदलायला हवा असतो.

उरला पुस्तक श्रेष्ठ की बाकीचं, हा जुना वाद. पुस्तकाचा एक मोठा गुण कुठल्याही माध्यमाला मिळवता आलेला नाही: वाचणारा थांबू शकतो, मागे जाऊ शकतो, एका वाक्यावर तासभर बसू शकतो. युक्तिवाद, इतिहास, हिशेब यांसाठी म्हणून छापील पानच हवं. पण या गुणाचा अर्थ असा होत नाही की ऐकणारा आळशी आणि पाहणारा मूर्ख. धुळ्याच्या तुरुंगात ऐकणाऱ्याच्या हातूनच पुस्तक झालं. चारही माध्यमांत ये-जा असलेला माणूस एकाच माध्यमाच्या भक्तापेक्षा श्रीमंत असतो. शिवाय पुस्तकाला आणखी एक आधार आहे, जो पडद्याकडे अजून नाही. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभं आहे. तिथे आलेलं पुस्तक कुणाच्या करारावर अवलंबून नसतं. ॲपवरची मालिका मात्र करार संपला की एका रात्रीत दिसेनाशी होते. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या आधारानं विनायक रानडे यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेत पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडून दुसऱ्याकडे जाते. ती परदेशातल्या मराठी घरांपर्यंत पोचली आहे. पेटीबरोबर फक्त पुस्तकं जात नाहीत. आधी वाचणाऱ्या शेजाऱ्याचा ‘हे आधी वाच’ हा शब्दही जातो. यंत्राच्या शिफारशीत नेमका हाच शब्द नसतो. सिनेमांच्या, मालिकांच्या, पॉडकास्टच्या बाबतीतही अशा पेट्या हव्यात: कॉलनीतलं एखादं सभागृह, महिन्याला एक मराठी चित्रपट, आणि नंतर अर्धा तास बोलणं.

तेव्हा यादी करायचीच असेल तर रकाने मोडून करावी: ‘श्यामची आई’ची दोन्ही रूपं पडद्यावर आणि मूळ पुस्तक हातात, ‘गोदावरी’ आणि ‘साबर बोंडं’ एकापाठोपाठ, ‘रिंगाण’ आणि ‘उसवण’, बागुलांच्या कथा, शक्य झालं तर कुणीतरी मोठ्यानं वाचून, ‘मानवत मर्डर्स’ पाहून झाल्यावर कुलकर्णींचं पुस्तक, आणि स्टेशनावरून सुटणाऱ्या गाडीत ऐकायला एखादा तयारीनं केलेला संवाद. या यादीत एक जागा मोकळी ठेवायला हवी. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये तीन-तीन पिढ्या काम केलेली घरं आहेत. शंभर वर्षं या वसाहतीनं देशाची तिकिटं, मुद्रांक, नोटा छापल्या, आणि स्वतःची गोष्ट मात्र छापली नाही. तिला मोठी निर्मितीसंस्था लागणार नाही. निवृत्त कामगारासमोर त्याच्या नातवानं फोन ठेवून दर रविवारी एक तास बसावं, आणि जे ऐकलं ते साने गुरुजींसारखं उतरवून घ्यावं. अठरा रविवारांत पुस्तक उभं राहतं, हे धुळ्याच्या तुरुंगात एकदा सिद्ध झालेलंच आहे.